पुसायची पाटी, ठोकलेली पाटी : ‘झोंबी’ पुन्हा वाचताना

‘पाटी’ हा मराठीतला मोठा मौजेचा शब्द आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातात असते तीही पाटी आणि दारावर लावतात तीही पाटीच. पहिलीवर लिहावे, पुसावे आणि पुन्हा लिहावे. दुसरी एकदा खिळ्यांनी ठोकली की रंग उडाला, अक्षरे पुसट झाली, घरातला माणूस बदलला, तरी जागची हलत नाही. आपण स्वतःविषयी जे सहज बोलून जातो, ‘मी गणितात ढ’, ‘आम्ही पडलो खेड्यातले’, ‘आपण मूठभर माणसे, आपल्याला कोण विचारतो’, ती वाक्ये यांपैकी कोणत्या पाटीवर लिहिलेली असतात? हा प्रश्न आमच्या मनात एका पुस्तकामुळे उभा राहिला. ते पुस्तक म्हणजे आनंद यादव यांची ‘झोंबी’.

निमित्त साधेच होते. कोल्हापुरातील एका धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर काही तरुण मुले-मुली आणि चार-दोन वडीलधारी मंडळी वाचनासाठी जमत असत. तिथे आम्ही ‘झोंबी’ सुचवली. कादंबरीची नायकभूमी असलेले कागल कोल्हापूरच्या दक्षिणेला महामार्गावरच आहे. तेव्हा पुस्तक घरचेच वाटेल अशी आमची समजूत. पण वाचन सुरू होऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी म्हणाली, “पुस्तक चांगलं आहे, पण हे आपलं नाही. हे शेतकऱ्यांचं आहे.” कोणी काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरून गडहिंग्लजकडच्या एक वृद्ध मावशी म्हणाल्या, “ह्यो बाप माझा हाय गं, पोरी.” मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्या दोन वाक्यांतील अंतर मोजण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख आहे.

‘झोंबी’ १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात. म्हणजे ती निव्वळ आत्मचरित्राच्या कप्प्यात बसत नाही आणि निव्वळ कादंबरीच्याही नाही. पुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ या पुस्तकांतून लेखकाने हीच जीवनकथा पुढे नेली. परंतु सर्वसामान्य वाचकाच्या मनात घर केले ते ‘झोंबी’ने. आनंद यादव यांचा जन्म १९३५ सालचा, कागलचा. दुसऱ्याचा मळा कसणारे कुटुंब, पोटी मुलांची रांग, आणि त्या रांगेच्या डोक्याशी उभा असलेला हा थोरला मुलगा. त्याला शिकायचे आहे. बापाला मळ्यात राबणारे दोन हात हवे आहेत. कोल्हापूरच्या मातीत ‘झोंबी’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इथे कुस्ती पाहतच माणूस मोठा होतो. या पुस्तकातील झोंबी मात्र खासबागेतली नव्हे. ती बापलेकांतली आहे, आणि तिच्या तळाशी एकच वाद आहे : या पोराला कोणते नाव द्यायचे? कुणब्याचे पोर, की शाळेत जाणारा मुलगा?

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. याच महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. यादवांच्या बालपणी गावात शाळा होती आणि मास्तरही होते. अडसर होता तो घरात, आणि घरातल्याहून अधिक घराच्या स्वतःविषयीच्या समजुतीत. ‘आपल्यासारख्यांनी शिकून काय करायचं?’ हा प्रश्न बाहेरच्या कोणी विचारला असता तर तो अपमान ठरला असता. घरात विचारला की त्याला व्यवहार म्हणतात.

मुलगा आणि आई मिळून या व्यवहारावर मात कशी करतात, तो भाग पुस्तकातील सर्वांत वाचनीय भागांपैकी एक आहे. दोघे गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव यांच्याकडे जातात, आपली कैफियत मांडतात आणि आपण येऊन गेल्याचे बापाला कळू देऊ नका अशी गळही घालतात. दत्ताजीराव बापाला बोलावून खडसावतात. शाळेची परवानगी मिळते, पण अटींवर : सकाळी मळ्यातले काम, मग शाळा, शाळा सुटली की पुन्हा गुरे. मुलगा सगळे कबूल करतो. कारण त्याला दार हवे आहे. दाराला उंबरठा किती उंच आहे ही त्याची तक्रार नाही.

दार उघडल्यावर काय होते? वर्गात वयाने लहान, अनोळखी मुले. मातीचा रंग चढलेले धोतर नेसून आलेला हा थोराड पोरगा त्यांच्या थट्टेचा विषय होतो. घरातली एक पाटी उतरवली, तोच शाळेने दुसरी गळ्यात घातली. सामान्य लेखक इथे थांबून अश्रू ढाळता. यादव तसे करीत नाहीत. ते वसंत पाटील नावाच्या हुशार वर्गबंधूकडे बोट दाखवतात. आनंदा त्याचे पाहून वह्यांना कव्हरे घालतो, पुस्तके नीट ठेवतो, गणिते सोडवू लागतो. आणि हळूहळू इतरांची गणिते तपासण्याइतका तयार होतो. ‘ढ’ आणि ‘हुशार’ या दोन शब्दांमध्ये जन्मजात दरी आहे असे आपण मानतो. इथे त्या दरीवरचा पूल वह्यांच्या कव्हरांपासून सुरू होतो! आमच्या मते शिक्षणावरच्या कित्येक व्याख्यानांपेक्षा हा तपशील अधिक मोलाचा आहे. मास्तर त्याला ‘आनंदा’ म्हणून हाक मारू लागतात. घरी या नावाने हाक क्वचितच येत असे. माणसाचे स्वतःचे नावही त्याला दुसऱ्याच्या तोंडून प्रथमच ऐकायला मिळावे, याहून मोठे दारिद्र्य कोणते?

परंतु पुस्तकाचे हृदय आहे ते मराठी शिकवणाऱ्या सौंदलगेकर मास्तरांच्या प्रसंगांत. हे मास्तर कविता तालासुरात, हावभावांसह म्हणून दाखवीत आणि स्वतःही कविता करीत. त्यांच्या दारातल्या मालतीच्या वेलीवर त्यांनी कविता केली होती. मुलाने ती वेल पाहिली होती आणि ती कविताही वाचली होती. तोवर त्याची समजूत अशी, की कवी हे कुठल्यातरी दुसऱ्याच लोकातले प्राणी. आता एक कवी समोर उभा होता, हाडामांसाचा, त्याच गावात राहणारा. मग वेलीवर कविता होते तर आपल्या मळ्यावर, पिकांवर, गुरांवर का होऊ नये? ‘कवी’ ही पाटी ज्या उंच दारावर लावलेली होती, ते दार त्या दिवशी जमिनीच्या पातळीवर आले.

पुढचा तपशील आम्ही कधी विसरणार नाही. गुरे राखताना कविता सुचे आणि जवळ कागद-पेन्सिल नसे, तेव्हा मुलगा काठीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिही किंवा दगडाने खडकावर लिही. पाठ झाल्या की पुसून टाकी. एकटेपणा आधी त्याला खायला उठे. आता तोच हवासा वाटू लागला, कारण एकट्यानेच मोठ्याने कविता म्हणता येई, नाचताही येई. म्हशीची पाठ हीच पाटी! जो आपले लिहिलेले पुसू शकतो, त्यालाच पुढची ओळ सुचते. ‘झोंबी’तला आनंदा वाढतो तो स्वतःला नवे मोठे नाव दिल्यामुळे नव्हे. लिहिणे, पुसणे आणि पुन्हा लिहिणे त्याने सोडले नाही म्हणून.

यादवांच्या आणखी दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की हे अधिक स्पष्ट होते. ‘गोतावळा’ (१९७१) ही मळ्यावरच्या नारबा या गड्याची कहाणी आहे, त्याच्याच बोलीत सांगितलेली. नारबाला माणसांचे गणगोत नाही. मळ्यावरची जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक काळाबरोबर चालू लागतो, ट्रॅक्टर येतो, जनावरे एकेक करून जातात. नारबाजवळ स्वतःचे असे ‘गडी’ हे एकच नाव होते. ते निरर्थक झाल्यावर त्याच्यापाशी दुसरे काहीच उरत नाही. दोष नारबाचा नव्हे. त्याला दुसरी ओळ लिहायची संधीच कोणी दिली नाही. ‘नटरंग’चा (१९८०) गुणा याच्या उलट. तो मर्दानी देहाचा पैलवान गडी. आणि कलेच्या ओढीने तमाशाच्या फडात ‘नाच्या’ होतो. कोल्हापूरकडच्या तालमीच्या जगात ‘पैलवान’ ही पाटी किती भारी असते आणि ‘नाच्या’ ही किती हलकी, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. पहिली उतरवून दुसरी पत्करण्याची किंमत गुणा आपल्या घरादाराने आणि अब्रूने मोजतो. २०१० साली आलेल्या चित्रपटामुळे ही कथा घरोघर पोहोचली. ‘स्वतःवरचे शिक्के झुगारा, म्हणजे यश तुमचेच’ असे गुळगुळीत तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांनी ‘नटरंग’ जरूर वाचावी. शिक्का उतरताना कातडीही सोलली जाते, हे यादवांना ठाऊक होते.

आता दोन आक्षेप. पहिला ‘झोंबी’वरच. ज्या लेखकाला एका शब्दात जखडले जाण्याची वेदना इतकी ठाऊक, त्याने बापाला मात्र बहुतांशी एकाच रंगात रंगवले आहे. मारकुटा, कामचुकार, आपल्या सुखासाठी पोराला जुंपणारा बाप! हे सारे खरे असेल. पण ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याला दत्ताजीरावांसमोर मान वर करता येत नाही, त्या माणसाच्या गळ्यातली पाटी कोणी लिहिली होती? पुस्तकात याच्या खुणा आहेत. लेखक त्यांच्यापाशी फारसा थांबत नाही. मावशींनी ‘ह्यो बाप माझा हाय’ म्हटले तेव्हा त्यांच्या स्वरात राग होता, पण केवळ राग नव्हता. त्यांच्या वाचनात बापाला जी जागा मिळाली ती पुस्तकात थोडी अपुरी पडली आहे, असे आम्हांला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. १९७५ नंतरच्या काळात यादव ग्रामीण साहित्याच्या चळवळीचे एक प्रमुख प्रवक्ते झाले. ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या’ यासारख्या ग्रंथांतून त्यांनी तिची तात्त्विक मांडणी केली. ही चळवळ आवश्यक होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही. खेड्यातल्या मुलाला आपली बोली छापून येऊ शकते हा विश्वास तिने दिला. पण पुढे काय झाले? समीक्षक ‘चांगली ग्रामीण कादंबरी’ असे म्हणू लागले, जणू नुसती ‘चांगली कादंबरी’ म्हणायला जीभ अडखळत होती. आणि काही लेखकही मोट, नांगर, पाटील आणि दुष्काळ यांची ठरलेली शिदोरी बांधूनच लेखनाला बसू लागले. ज्या नावाने दार उघडले त्याच नावाची भिंत झाली. सौंदलगेकर मास्तरांनी त्या मुलाला ‘तू ग्रामीण कवी हो’ असे सांगितले नव्हते. कवी तुझ्यासारखाच माणूस असतो, एवढेच त्यांच्याकडे पाहून त्याला कळले होते.

मग अशी नावे घेऊच नयेत काय? याचे उत्तर कोल्हापूरच्या इतिहासातच आहे. शाहू महाराजांच्या काळात या नगरीत निरनिराळ्या जातिधर्मांच्या नावांनी विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली : मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांची, आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही. वरवर पाहता ही पाट्यांचीच आळी. परंतु ज्या मुलाला अन्य कोणत्याही छपराखाली ताट आणि अंथरूण मिळत नव्हते, त्याला त्या पाटीखालून आत शिरता आले. आत शिरायचे ते शिकून बाहेर पडण्यासाठी. पाटी आत जाण्यापुरती होती. जन्मभर तिच्याखाली बसून राहण्यासाठी कोणी वसतिगृह बांधीत नाही.

हे सारे आम्ही का लिहितो आहोत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आपणही एका पाटीखाली बसलेलो आहोत. ‘ख्रिस्ती साहित्य’ हे नाव आपल्या पूर्वसूरींनी घेतले तेव्हा त्याची गरज होती. मराठीत आपला आवाज कोणी ऐकत नव्हते. पण आज आमच्याकडे येणारे लेखन चाळताना मन खट्टू होते. नाताळची कथा, पुनरुत्थानाची कविता, एखाद्या संताचे चरित्र! ही हवीतच. परंतु लिहिणारी तीच व्यक्ती दिवसभर साखर कारखान्याच्या कचेरीत बसते, पुरात बुडालेले घर धुऊन काढते, मुलीच्या लग्नाच्या काळजीने रात्र जागते. त्यातले एक अक्षर कागदावर येत नाही. विचारले तर उत्तर मिळते, “ते काय आपल्या अंकात शोभेल?” म्हणजे आमच्या अंकाची पाटीच त्या लेखणीच्या आड आली. हा दोष आम्ही प्रथम स्वतःकडे घेतो.

आपली परंपरा मात्र अशी कोती नाही. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, येशूसंघीय. १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून झाले. ‘ही माझी भाषा नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाली. सोवळ्याओवळ्यात वाढलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई एकेक जुनी समजूत कशी पुसत गेली, हे तिने हसतखेळत सांगितले. ‘ख्रिस्ती लेखिका’ म्हणून तिला बाजूला बसवण्याची हिंमत मराठीला झाली नाही. अगदी अलीकडे, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. एका धर्मगुरूला हे पद कसे, असा आक्षेप तेव्हा काहींनी घेतला. फादर २०२४ साली निवर्तले. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी, पाण्यासाठी, भाषेसाठी बोलताना त्यांनी आपला झगा कधी लपवला नाही आणि त्याच्याआड ते कधी लपलेही नाहीत. दुसऱ्याने लावलेली पाटी आपल्या हातात नसते. ती खरी मानून आपणच खिळे पुरवायचे की नाही, हे मात्र आपल्या हाती असते.

नाझरेथच्या लोकांनी प्रभूला सुताराचा मुलगा म्हणूनच ओळखले होते. ती ओळख खोटी नव्हती. ती तेवढ्यावरच थांबली, आणि त्यामुळे नुकसान झाले ते नाझरेथचेच.

त्या वाचनाच्या बैठकीचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. ‘हे आपलं नाही’ म्हणणारी मुलगी पुढच्या रविवारी मावशींच्या शेजारी जाऊन बसली. मावशींनी तिला आपली शाळा तिसरीत कशी सुटली ते सांगितले, आणि तिने ते मावशींच्याच बोलीत उतरवून आणले. चार पाने. त्यांत नाताळ नव्हता, प्रार्थना नव्हती. एक विहीर होती, एक लहान भाऊ होता आणि उंबऱ्यावर ठेवून दिलेली एक पाटी होती. लेखाला नाव दिले नव्हते. “कुठल्या सदरात टाकाल?” असे तिने भीतभीत विचारले.

आम्ही अजून सदर ठरवलेले नाही. लेख मात्र पुढच्या अंकात घेत आहोत.